कुणाची वाट बघताय?

मागच्या महिन्यात आमच्या सोलापुरात नवी पेठेत खरेदीला गेले होते. दोन तास फिरून पाय भरून आले म्हणून एका कॉम्प्लेक्ससमोर बुटका कठडा होता त्यावर टेकले, पिशवी मांडीशी घेतली, घोटभर पाणी प्यायले आणि बसले बघत येणाऱ्याजाणाऱ्यांकडं. पंधरा मिनिटं झाली असतील नसतील, तिथला वॉचमन आला. चांगल्या शब्दांतच विचारलं त्यानं, "मॅडम, कुणाची वाट बघताय?" म्हटलं, नाही. "वर काही काम होतं?" म्हटलं, नाही हो, बसलेय जरा. मग म्हणाला, "मग इथं नका बसू, आम्हाला बोलणी बसतात." त्याच्यावर राग नाही माझा, पगारी माणूस, त्याला जे सांगितलंय ते तो करणार. मी उठले, रिक्षा केली आणि घरी आले. परवा त्याच रस्त्यानं गेले तर त्या कठड्यावर आता लोखंडी टोकांची पट्टी बसवलीय, कबुतरं बसू नयेत म्हणून लावतात तसली. कबुतरांसाठी नाहीये ती.

तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही. कुणाची तरी वाट बघत असाल तर बसा, काही काम असेल तर बसा, काही विकत घेतलं असेल तर बसाच, पण नुसतं बसून माणसं बघायची असतील तर उठा. मला हे अगदी उलटं वाटतं. फुकट बसून माणसं बघायला जागा असणं ही शहराची मूळ गरज आहे, रस्ते, पाणी, दिवे यांच्या रांगेत मोजावी अशी, आणि ती जागा आपल्या हातून एकेक कठडा करत चाललीय आणि कुणी त्याबद्दल बोलतही नाहीये, म्हणून हे लिहितेय.

त्या पंधरा मिनिटांत काय बघितलं ते आधी सांगते. एक जोडपं, लग्नाला फार तर वर्ष झालं असेल, तिच्या चपलेचा अंगठा तुटलेला आणि ती पाय घासत चाललेली पण हसत होती, आणि तो मागून असा ओशाळून चालत होता की चप्पल जणू त्यानंच तोडली. एक आजोबा, धोतर टोपी, हातात लहान पोराचं नवीन दप्तर, त्यावर कार्टून, ते दोन्ही हातांनी असं धरलेलं जसं नैवेद्याचं ताट धरतात. एक गाडीवाला, पुढं पायाशी टॉवेलांचा गठ्ठा, मागं सीटवर दोन गठ्ठे, मधे तो कुठं बसलाय तेच दिसत नव्हतं पण हॉर्न वाजवत गर्दीतून बरोबर निघाला. बुरख्यातली एक आई आणि कपाळाला विभूती लावलेल्या सासूबरोबर आलेली एक सून, दोघी एकाच हातगाडीवर एकाच प्रकारच्या शाळेच्या मोज्यांचा भाव करत होत्या आणि शेवटी दोघींनी मिळून डझन घेतला आणि वाटून घेतला, म्हणजे भाव कमी पडतो. आणि समोरच्या दुकानातला पोरगा गिऱ्हाईक बघून भाषा बदलत होता. एका बाईला "एनु बेकु अक्का", तिच्या मागून आलेल्या म्हातारीला "एम् कावाली अम्मा", आणि माझ्याकडं नजर गेली तर "या की ताई, बघून तर घ्या". कुठल्या क्लासला शिकला नसेल तो हे. वर्षानुवर्षं दारात उभं राहून माणसं बघत बघत आलेलं ज्ञान आहे ते, कुणाचा पदर कुठल्या खांद्यावर, कुणाची चाल कशी, कोण कुठल्या पेठेतलं.

यातलं काहीच घरी येऊन सांगण्यासारखं नाही. बातमी नाही, गोष्ट नाही. पण त्या दिवशी सकाळपासून पोराच्या फीचा हिशेब डोक्यात घोळत होता आणि त्या कठड्यावर बसल्यावर तो हिशेब तेवढाच राहिला तरी हलका झाला, हे मात्र खरं. घरात बसलं की आपलीच अडचण डोंगराएवढी दिसते. रस्त्यावर बसलं की दिसतं, प्रत्येकाच्या हातात एकेक पिशवी आहे आणि प्रत्येकाच्या पिशवीत काहीतरी जड आहे.

आता लोक म्हणतील, हे सगळं ठीक आहे, पण याला रिकामटेकडेपणा म्हणतात. हा शब्द मी लहानपणी फार ऐकला आणि माझ्या अप्पांबद्दल ऐकला, म्हणून त्याचं उत्तर द्यायचंच आहे मला.

अप्पा मिलमध्ये होते. मिल बंद पडली तेव्हा मी शाळेत होते. सोलापुरात हे किती घरांत झालं ते वेगळं सांगायला नको, जुन्या माणसांना अजून भोंग्याची वेळ तोंडपाठ आहे. भोंगा थांबला पण अप्पांचं घरातून निघणं थांबलं नाही. पहिल्या पाळीच्या वेळेला अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून निघायचे आणि चौकातल्या पिंपळाच्या पारावर जाऊन बसायचे. तसेच अजून पाचसात जण तिथं असायचे. फार बोलायचे नाहीत. रोज चहा परवडायचा नाही. नुसते बसून रस्त्याकडं बघायचे, दुपारच्या जेवणाला घरी यायचे, परत जायचे. आजी म्हणायची, रिकामं बसून काय मिळतंय रे तुला तिथं. मी मैत्रिणींबरोबर शाळेला त्याच रस्त्यानं जायचे आणि पाराजवळ आलं की मान दुसरीकडं वळवायचे. त्यांनी ते ओळखलं होतं. कारण मला आठवतंय, काही दिवसांनी मी यायच्या वेळेला तेच मान दुसरीकडं वळवायला लागले. मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. ही गोष्ट मी त्यांच्याशी कधी बोलले नाही आणि आता बोलताही येणार नाही.

पुढं त्याच पारावरून जाणाऱ्या ओळखीच्या एकानं त्यांना टॉवेलच्या कारखान्यात काम लावून दिलं. म्हणजे आजीला उत्तर मिळालं. पण मी आज म्हणते, काम मिळालं नसतं तरी तो पार फुकट गेला नसता. ज्या माणसाचं काम गेलं, पाळी गेली, हजेरीपुस्तकातलं नाव गेलं, त्याला कुठंतरी जाऊन रोज दिसायचं होतं आणि रोज बघायचं होतं, की गाव चालू आहे, दूधवाला जातोय, शाळा भरतेय, म्हणजे मीही आहे. घरात बसले असते तर ते आतल्या आत संपले असते. आमच्याच गल्लीत तसे संपलेले दोघंतिघं होते, ते घराबाहेर पडेनासे झाले आणि मग दारू. पार नावाची जी चौकोनी दगडी वस्तू आहे, जिच्यावर कुणाचं भाडं लागत नाही, तिनं आमचं घर सांभाळलं असं मी मानते.

आणि बघा ना, आपल्या भाषेत या जागेला शब्द किती आहेत. पार, कट्टा, ओटा, ओसरी, चावडी, देवळाची पायरी, नदीचा घाट. सगळ्या जागा बसायच्या, आणि बसून समोरचं बघायच्या. जिच्यात इतके शब्द आहेत ती भाषा बोलणाऱ्या माणसांनी नवीन वस्त्या बांधताना एकही असली जागा का ठेवू नये? सोसायटीला गेट आहे, पार्किंग आहे, सीसीटीव्ही आहे, गेटबाहेर ओटा नाही. पूर्वी घर बांधणारा गरीब असला तरी दाराशी दोन फूट ओटा काढायचा, आणि तो फक्त घरच्यांसाठी नसायचा, वाटसरू टेकला तर कुणी उठवत नव्हतं, उलट तांब्याभर पाणी यायचं.

सोलापूरला तर माणसं बघण्याची मोठी परंपरा आहे असं मी म्हणेन. गावाच्या मधोमध तलाव आहे, बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना बरोबर घेऊन तो खोदवला असं आपण लहानपणापासून ऐकत आलो, आणि आजही देवळात दर्शन पाच मिनिटांचं आणि नंतर पाण्याकडं तोंड करून बसणं अर्ध्या तासाचं. संक्रांतीला गड्डा भरतो, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा. सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ते उंच ध्वज तोलत चालतात, अक्षता पडतात, होम मैदानावर पाळणे लागतात, आणि अक्कलकोट, मोहोळ, बार्शीपासून तिकडं विजापूर, गुलबर्ग्यापर्यंतची माणसं येतात. आमच्याकडं गड्ड्याहून आलेल्याला विचारायची पद्धत आहे, काय आणलंस? आणि उत्तर बहुतेक वेळा असतं, काय नाय, माणसं बघून आले. हे कुणी कमीपणानं म्हणत नाही. माणसं बघणं हाच त्या जत्रेचा माल आहे.

माझं म्हणणं एवढंच की वर्षातून चार दिवस जे पुण्य आहे ते बाकीच्या दिवसांत गुन्हा कसा होतो?

२०२० चा लॉकडाऊन आठवा. खायला होतं, टीव्ही होता, फोन होता, नातेवाईक व्हिडिओ कॉलवर दिसत होते, तरी माझी आई दिवसातून दहा वेळा खिडकीशी जायची आणि परत येऊन म्हणायची, एक माणूस दिसंना गं. तिला कुणी ठराविक माणूस नको होता. माणूस हवा होता, कुठलाही. ओळखीच्यांनी जी भूक भागत नाही अशी एक वेगळी भूक असते, अनोळखी माणसांची, हे मला त्या दिवसांत पहिल्यांदा कळलं.

आता बायकांबद्दल. हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडं सविस्तर.

पूर्व भागात माझी एक मैत्रीण राहायची, तिच्या घरी जायचे तेव्हा गल्लीभर दारादारात बायका विड्या वळत बसलेल्या असायच्या. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, बोटं आपोआप चालायची, दिवसाला हजार हजार विड्या वळायच्या त्या बायका, आणि डोळे मात्र गल्लीत. कोण आलं, कोण गेलं, कुणाचं पोर रस्त्याकडं पळालं, पहिली हाक त्यांच्यातल्याच कुणाची तरी. त्या गल्लीत रात्री नऊला सुद्धा मला कधी भीती वाटली नाही, तेवढी आजच्या नव्या, रुंद, भरपूर लाइट असलेल्या आणि चिटपाखरू नसलेल्या रस्त्यावर वाटते. अमेरिकेत जेन जेकब्स नावाच्या बाईंनी १९६१ मध्येच हे मांडलं होतं, की रस्ता मुळात पोलिसांमुळं सुरक्षित राहत नाही, त्यावर राहणाऱ्या आणि दुकान चालवणाऱ्या माणसांच्या नजरेमुळं राहतो. त्या न्यूयॉर्कबद्दल लिहीत होत्या, पण आमच्या विडीवाल्या अक्कांनी ते वाचल्याशिवाय केलं.

पण त्याच गल्लीत अजून एक गोष्ट आहे जी मला तेव्हा दिसली नाही. त्या बायकांना बघायची परवानगी होती कारण त्यांचे हात कामात होते. बाईनं दारात बसावं, पण मेथी निवडत बसावं, पोराला भरवत बसावं, विड्या वळत बसावं. पुरुषाला कट्ट्यावर बसायला सूप लागत नाही. तो मोकळ्या हातानं चारचार तास बसतो आणि त्याला कुणी विचारत नाही, कुणाची वाट बघताय म्हणून. विचारलंच तर "काय करलालास बे?", "काय नाय बे, बसलोय", झालं, तेवढं उत्तर पुरतं. मला ते पुरत नाही. माझ्या वयाच्या बाईलाही पुरत नाही, मग वीस वर्षांच्या मुलीला काय पुरणार. ती पार्क चौपाटीवर एकटी बसली तर हातात प्लेट पाहिजे, बागेत बसली तर कानात फोन पाहिजे, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की हिला काहीतरी कारण आहे. कितीतरी मुली मला माहिती आहेत ज्या खोटं खोटं फोनवर बोलतात, पलीकडं कुणी नसतं. ही आपल्यासाठी शरमेची गोष्ट आहे, त्या मुलींसाठी नाही.

यावर मला एका बाईंनीच विचारलं होतं, की अहो, बायकांना या बघण्याचाच तर त्रास आहे आणि तुम्ही बघण्याची बाजू घेताय? प्रश्न रास्त आहे. पण मराठीत आपण नजर टाकणं म्हणतो आणि नजर रोखणं म्हणतो, आणि या दोन्हींतला फरक पाच वर्षांच्या पोरालाही कळतो. नजर टाकणारा बघतो आणि सोडतो. त्या बघण्यात समोरच्याला फक्त एवढं कळतं, की मी तुम्हाला बघितलं, तुम्ही आहात, आता तुम्ही तुमच्या वाटेनं. गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९६३ मध्ये या बघून सोडून देण्यालाच सभ्यता म्हटलं, आणि मला ते पटतं, कारण अजिबात न बघणं हा सुद्धा एक अपमान आहे, कचरा उचलणाऱ्या माणसाला विचारा. नजर रोखणारा मात्र सोडत नाही, मागं येतो, त्याच्या बघण्यात मालकी असते. त्याच्यासाठी कायदा आहे, २०१३ पासून पाठलाग करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि तो वापरलाच पाहिजे. पण नजर रोखणाऱ्यांमुळं नजर टाकणाऱ्यांचे कट्टे काढून टाकले तर चौक कुणाच्या हातात राहतो? रोखणाऱ्यांच्याच. त्यांना बसायला कठडा लागत नाही, ते गाडीवर बसतात.

आणि फोनवर शूटिंग करणं हे बघण्यात मोडत नाही, हेही इथंच सांगते. मी बघितलेलं माझ्यापाशी राहतं आणि चार दिवसांनी विसरलं जातं. शूट केलेलं माझ्या हातातून सुटतं. एखादी म्हातारी वरातीत बॅन्डवर दोन पावलं नाचली, तिच्या मनाला त्या क्षणी वाटलं म्हणून नाचली, आणि कुणी तिचा रील करून त्यावर हसायचं संगीत लावलं, तर पुढच्या वरातीत ती नाचेल का? जे लोक असं करतात त्यांनी एक लक्षात घ्यावं, रस्त्यावर माणूस मोकळा वागतो तो समोरचे विसरून जातील या भरवशावर. तो भरवसा गेला की बघण्यासारखं काही उरणारच नाही, सगळे कॅमेऱ्यासमोर उभे असल्यासारखे चालतील.

माझी स्वतःची माणसं बघायची सगळ्यात आवडती जागा म्हणजे सोलापूर स्टेशन, सकाळची. पोरगा पुण्याला आहे, निम्म्या सोलापूरची पोरं पुण्यालाच आहेत, आणि तो येऊन परत जातो तेव्हा हुतात्मा एक्स्प्रेसला सोडायला जाते. गाडी गेली तरी मी लगेच निघत नाही. प्लॅटफॉर्मवर त्या वेळेला जे दिसतं ते दुसरीकडं कुठं दिसत नाही. आया खिडकीच्या गजातून हात घालून पोराच्या केसांना हात लावतात, पोरगं तीस वर्षांचं असलं तरी. शेंगाचटणीची पुडी आणि कडक भाकरी बॅगेत नाही मावली म्हणून शेवटच्या मिनिटाला हातात कोंबली जाते. बाप लोक बोलत नाहीत. बाप लोक विचारतात, सीट नंबर किती, जो त्यांना माहीत असतो, त्यांनीच तिकीट काढलेलं असतं. गाडी हलली की आया थांबतात आणि बाप चालायला लागतात, गाडीबरोबर, दहाबारा पावलं, मग थांबतात आणि उगाच खिसे चाचपतात. मी हे किती वेळा बघितलंय आणि प्रत्येक वेळी माझ्या घशाशी येतं. २०२३ च्या फेब्रुवारीपासून वंदे भारत पण सुटते सकाळीच. तिच्या खिडक्या उघडत नाहीत, दारं आपोआप लागतात, मग तिथं आया काचेवर हात ठेवतात आणि आतून पोरगं काचेवर हात ठेवतं. त्या गाडीला निरोप लवकर संपतो.

तिथं एक जोडपं आहे, माझ्याच वयाचं, त्यांची मुलगी जाते पुण्याला. तीन वर्षांत आम्ही एक शब्द बोललो नाही. नाव माहिती नाही. मधे पोराला सुट्टी नव्हती म्हणून दोन महिने मी गेलेच नाही, आणि त्यानंतर गेले तर त्या बाईंनी लांबून हात जरासा वर केला. एवढंच. मला काय बरं वाटलं ते सांगता येत नाही. स्टॅन्ली मिलग्रॅम म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९७२ मध्ये अशा माणसांना ओळखीचे अनोळखी म्हटलं, त्यांनीही ते रेल्वे स्टेशनवरच्या रोजच्या प्रवाशांवरून मांडलं, की वर्षानुवर्षं एकमेकांना बघतात, बोलत नाहीत, पण एकमेकांच्या हिशेबात असतात. आपल्या आयुष्यात सगेसोयरे दहावीस, आणि हे ओळखीचे अनोळखी शेकड्यांनी. सिग्नलचा फुगेवाला, बँकेच्या रांगेत दर महिन्याला पेन्शनच्या दिवशी दिसणारे आजोबा. हे सगळे मिळून आपलं गाव होतं. आणि हे फक्त तिथंच तयार होतात जिथं माणसाला थांबता येतं.

या शहरात थांबणं जास्तच गरजेचं आहे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, स्वातंत्र्यलढ्यातली ही चार माणसं १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात एकाच दिवशी फासावर गेली आणि आज एका चौकात पुतळे होऊन उभी आहेत. नुसती नावं वाचली तरी कळतं हे किती प्रकारच्या घरांचं गाव आहे. आज माझ्या फोनवर रोज दहा मेसेज येतात, ते लोक असे आणि ते लोक तसे. मी त्यांना उत्तर देत बसत नाही. पण मोजे वाटून घेणाऱ्या त्या दोघी ज्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्या त्याला ते मेसेज पचत नाहीत, आणि ज्यानं वर्षभरात फक्त स्वतःच्या गेटच्या आतलेच लोक बघितले त्याला सहज पचतात. द्वेष करायला लांबून बघावं लागतं.

राहिला प्रश्न घाणीचा. बाकडं ठेवलं की दारुडे बसतात, पोरं गुटखा थुंकतात, म्हणून बाकडं काढून टाका, हे मी अनेक मीटिंगांत ऐकलंय आणि बोलणारे वाईट लोक नसतात, वैतागलेले असतात. पण उपाय चुकीचा आहे. न्यूयॉर्कमध्ये विल्यम व्हाइट नावाच्या अभ्यासकांनी १९७० नंतर काही वर्षं चौकाचौकांत कॅमेरे लावून लोक कुठं बसतात ते बघितलं, आणि त्यांना जे सापडलं ते अगदी साधं होतं. जिथं बसायला जागा आहे तिथं लोक बसतात. आणि लोकांना सगळ्यात जास्त काय आवडतं, तर दुसरे लोक. नकोशा माणसांबद्दल त्यांचं म्हणणं होतं, की जागा बाकी सगळ्यांसाठी चांगली करा, म्हणजे त्यांचं आपोआप कमी होतं. टोकदार पट्ट्या लावून पहिल्यांदा कोण जातं? म्हातारे जातात, बाळंतीण जाते, पिशव्या घेतलेली बाई जाते. दारुडा पट्टीच्या शेजारी जमिनीवर बसतो. व्हाइट यांच्या या कामावरून न्यूयॉर्कनं १९७५ मध्ये नियमच बदलले, नवीन इमारतीपुढच्या मोकळ्या जागेत बसायची सोय किती हवी ते लिहून टाकलं. आपल्याकडं बांधकामाच्या परवानगीत पार्किंग मोजतात. बसायची जागा का मोजू नये?

आणि सोलापुरात नुसतं बाकडं देऊन भागणार नाही, सावली द्यावी लागेल. एप्रिल मे मध्ये चाळीसच्या वर पारा, दुपारी लोखंडी बाकाला हात लावून दाखवा. इथं बाक म्हणजे कडुनिंब आधी आणि बाक नंतर. जवळ पिण्याचं पाणी आणि बायकांना जाता येईल असं स्वच्छतागृह, नाहीतर बाई अर्ध्या तासावर बसूच शकत नाही, हे बाक मंजूर करणाऱ्या पुरुषांच्या लक्षातच येत नाही. आणि चहाचा, शेंगदाण्याचा, भेळेचा गाडा तिथून हाकलू नका. फेरीवाल्यांचा कायदा २०१४ मध्ये झालाय, त्यांना जागा ठरवून देणं हे कामच आहे. गाडा असला की उजेड असतो, माणूस असतो, आणि आठवड्यानं गेलात तर विचारणारं कुणीतरी असतं.

अजून एक बारीक गोष्ट, पण मला ती फार टोचते. आमच्या भागातल्या बागेत बाक आहेत, चांगले आहेत, सिमेंटचे. पण सगळ्यांची तोंडं आत, हिरवळीकडं, आणि पाठ फिरायच्या रस्त्याकडं. ज्यानं ते बसवले त्याला वाटलं असेल लोक गवत बघायला येतात. संध्याकाळी जाऊन बघा, तरुण पोरं बाकाच्या पाठीवर बसतात आणि पाय दुसऱ्या बाजूला सोडतात, म्हणजे रस्ता दिसतो, आणि मग त्यांना वळण नाही म्हणून लोक बोलतात. बाक फिरवायला किती खर्च येईल? मी अर्ज दिलाय, सहा बाकांसाठी, तोंड रस्त्याकडं करा म्हणून.

आईला घेऊन जाते मी तिथं, आठवड्यातून तीनचारदा. चौऱ्याहत्तरची आहे, तिला पाठीवर चढून बसता येत नाही. ती तिरकी बसते, एक हात बाकाच्या पाठीवर टाकून, मान मागं वळवून. कोण नवीन आलंय, कुणाची सून आज एकटीच आलीय, तो लाल टोपीचा नातू आता पळायला लागला, सगळं सांगत असते. अर्ध्या तासानं म्हणते, मान दुखायला लागली गं, चल. मग उठते, चारपाच पावलं चालते आणि रस्त्याकडं तोंड करून उभी राहते, अजून थोडा वेळ.